कापलेला हाशिया

शेवटचं भेटायला गेलो तेव्हा सांगून टाकायचंच, असं ठरवून घरातून निघालो होतो. आमच्या छावणी भागातून शहराच्या दुसऱ्या टोकाला, गारखेड्याला जायचं तर मला दोन रिक्षा कराव्या लागतात. दोन्ही रिक्षांत मी एकच वाक्य घोळवत होतो... ‘बाई, ते हाशिये मी कापले, आणि ते कुठं आहेत ते मला ठाऊक आहे.’ पन्नास वर्षं राहून गेलेलं वाक्य. बाई खिडकीजवळच्या पलंगावर बसल्या होत्या. नजर जवळजवळ गेलेली, पण पावलांवरून ओळखलं. “खंडूभाऊ का? या. चपला अजून फरफटतच चालता तुम्ही.” भाचीनं चहा आणला. बाईंनी माझ्या गुडघ्यांचं विचारलं, नातवंडांचं विचारलं, आणि मधेच म्हणाल्या, “आपल्या त्या लाल पुस्तकांच्या पाठी अजून ताठ आहेत का हो?” मी म्हणालो, “हायत की. मी बांधलेल्या हायत.” बोलायचं ते तिथंच बोलायचं होतं. मी बशीतला चहा संपवला, ‘येतो’ म्हणालो, आणि निघून आलो. दीड महिन्यानं ग्रंथालयातून फोन आला, बाई पहाटे गेल्या. त्याला आता पाच आठवडे झाले. वाक्य माझ्यापाशीच राहिलं, म्हणून ते इथं लिहितोय.

प्रमिलाबाई निकम आमच्या शहरातल्या एका संशोधन ग्रंथालयाच्या ग्रंथपाल होत्या, आणि मी तिथला दफ्तरी, म्हणजे पुस्तकं बांधणारा. मी मूळचा देवगाव रंगारीचा, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला. निजामाच्या राज्यात आमची शाळा उर्दू होती. दोन इयत्ता मी तिथं काढल्या. मग पोलीस ॲक्शन झाली, शाळा मराठी झाली आणि मास्तर म्हणाले, आता पुन्हा पहिलीत बस. दुसरी पास झालेला मी, पहिलीत बसतो व्हय? नाही बसलो. मेंढरांमागं गेलो. माझं शिक्षण तेवढंच. मराठी वाचायला पुढं माझं मीच शिकलो, पुस्तकांच्या पाठीवरची नावं लावून लावून. बांधणी शिकलो ती छावणीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडं. ते म्हणायचे, कापलेली कड अशी पाहिजे की तिच्यात माणसाला तोंड दिसलं पाहिजे. माझी कड तशी असायची. हे मी फुशारकीनं सांगत नाही. ज्यानं पाहिली असंल त्याला विचारा.

मोठ्या दुष्काळानंतर ग्रंथालयाच्या कमिटीनं ठरवलं की अर्थशास्त्राचा वेगळा विभाग उभा करायचा. चार लोखंडी कपाटं आली. मुंबई-दिल्लीहून जाडजूड इंग्रजी पुस्तकं आली, पुठ्ठे मऊ, दोन वाचक हाताळले की पानं हातात. ती सगळी लाल कापडात मी एकेक करून बांधायला घेतली. कमिटीला वाटलं, झाला विभाग. बाईंना तसं वाटेना. त्या म्हणायच्या, “खंडूभाऊ, ही पुस्तकं पैसे धाडले की येतात. पण या जिल्ह्यात कुणी काय पेरलं, काय खाल्लं, कोण कुठं गेलं, हे दिल्लीत छापत नाहीत. ते आपण जाऊन आणायचं.” आणि खरंच जायच्या. खांद्याला पिशवी, डोक्याला पदर, एसटीनं. बाजार समित्यांची भावपत्रकं, सूतगिरण्यांचे वार्षिक अहवाल, सोसायट्यांची हँडबिलं. लोक जे फेकून देतात ते बाई मागून आणत. काय आणायचं हे ठरवायची त्यांची एक रीत होती. टेबलावर एक वही असे. कुणा वाचकानं काही मागितलं आणि ते आपल्याकडं नसलं, की वाचकाचं नाव आणि त्याची मागणी त्या वहीत लिहायची. ती वस्तू मिळाली, की त्या ओळीवर लाल पेन्सिलीनं रेघ. नव्या खरेदीची यादी करताना कमिटीतली शहाणी माणसं कॅटलॉग चाळायची, बाई ही वही उघडायच्या. “जे नाही ते माहीत पाहिजे,” म्हणायच्या. वहीला पेन्सिल बांधलेली होती. तिचा मेणाचा दोरा मीच वळून दिलेला.

एकदा बाई मला घेऊन एका तालुक्याच्या कचेरीत गेल्या. मागच्या कोठीत जुने कागद पडले होते आणि कोठी रिकामी करायची होती. तिथला शिपाई नाकाला रुमाल लावून म्हणाला, “बाई, ह्या उंदराच्या लेंड्या कुठं नेता?” बाई म्हणाल्या, “लेंड्या तुम्हाला ठेवते, कागद मला द्या.” त्यात निजामाच्या वेळचे पीकपाहणीचे रिपोर्ट निघाले, पोलीस ॲक्शनच्या आधीचे आणि नंतरच्या एक-दोन हंगामांचे. गावोगाव फिरून पिकं बघणारा गिरदावर असायचा, त्याचे. मधे उर्दूत छापलेले रकाने, त्यांत पक्क्या अक्षरात भरलेलं, आणि पानाच्या कडंला दोन-तीन बोटं रुंद हाशिया, म्हणजे समास. त्या हाशियात बारीक, घाईचं, वेडंवाकडं काहीतरी लिहिलेलं होतं.

बाईंना उर्दू येत नव्हतं. ग्रंथालयात उर्दू कागद आला की त्या मला बोलवायच्या. एम. ए. झालेली बाई खुर्चीवर, आणि दुसरी पास मी तिच्या टेबलाशी उभा राहून वाचून दाखवतोय... काय सांगू तुम्हाला, त्या दहा मिनिटांसाठी मी दहा दिवस खळ ढवळायला तयार होतो. त्या दिवशी रकाने मी घडाघडा वाचले. गाव, पीक, किती आणे. तेव्हा पूर्ण पिकाला सोळा आणे धरत. मग बाईंनी हाशियावर बोट ठेवलं. “आणि हे?”

मला ते वाचता येईना. ती शिकस्त होती, मोडकी घसीट लिपी, मोठमोठ्या मुन्शींनाही चष्मा पुसायला लावणारी. ‘नाही येत’ एवढंच म्हणायचं होतं. बाई हसल्या नसत्या. मी म्हणालो, “त्यात काय नाय बाई. तारखा अन् सह्या. फालतू.”

“नक्की?”

“मला इचारता अन् वरून नक्की म्हणता?”

बाई म्हणाल्या, “बरं बाबा, चुकलं.” आणि गठ्ठा माझ्याकडं बांधणीला दिला. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, दुमडलेल्या. मी शिकंज्यात आवळून तिन्ही बाजूंनी कापल्या, हाशियासकट. अशी कड आली की मीच बघत बसलो.

त्यानंतर वरीस-दीड वर्षानं हैदराबादहून एक म्हातारे संशोधक आले, शेरवानी घातलेले, हातात काठी. ते रिपोर्ट पाहायलाच आले होते. बाईंनी मोठ्या हौसेनं ते टेबलावर मांडले. त्यांनी पहिलं उघडलं, दुसरं उघडलं, आणि कापलेल्या कडंवरून अंगठा फिरवला. “बाईसाब, हाशिया किदर है?” बाईंना कळेना. म्हातारे म्हणाले, “रकाने में तो गिरदावर वोइच लिखता था जो सरकार को होना. सच्ची बात हाशिये में लिखता था. मैं हाशिये के वास्ते आया.” मी दारात खळीचा डबा घेऊन उभा होतो. बाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं. एकदाच. मग त्यांच्याकडं वळून म्हणाल्या, “मी कापायला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं.” म्हातारे पुस्तक मिटून उठले. काठी टेकत निघून गेले.

गोष्ट कमिटीपर्यंत गेली. तिथंही बाईंनी तेच सांगितलं. मग कमिटी म्हणाली, ज्यांना जुना कागद ओळखता येत नाही त्यांनी गावोगाव फिरून तो गोळा करण्यात अर्थ नाही. बाईंचे दौरे बंद. पिशवी खुंटीला गेली ती पुढं तीन वर्षं खुंटीलाच होती. त्या तीन वर्षांत किती कोठ्या रिकाम्या झाल्या असतील, किती कागद बंबात गेला असंल, ते बाईंनाच ठाऊक. दुपारी त्या खिडकीशी उभ्या राहून एसटी स्टँडकडं जाणारा रस्ता बघायच्या. मी बघायचो आणि खाली मान घालून पुठ्ठा घासत बसायचो.

आता खरं सांगायचं ते सांगतो. कापलेल्या त्या पट्ट्या मी फेकल्या नव्हत्या. जुना कागद चिवट असतो, पुस्तकाच्या पाठीला आतून अस्तर लावायला त्याच्यासारखा कागद नाही. मी त्या एकेक करून लाल कापडाच्या पुस्तकांच्या पाठीत चिकटवल्या होत्या. एकेचाळीस पुस्तकांत. बाई ज्या खुर्चीवर बसायच्या तिच्या मागच्याच कपाटात. म्हातारे काठी टेकत जिना उतरत होते तेव्हा मला हे माहीत होतं. एक हाक मारली असती... पण सांगायचं म्हणजे दोन गोष्टी कबूल करायच्या, एक, मला ते वाचता आलं नव्हतं. आणि दुसरी, माझ्या हातची सगळ्यात चांगली बांधणी फोडावी लागणार होती. दोन्ही मला झेपल्या नाहीत.

त्याच्यावर आणखी एक केलं मी. त्या दिवसानंतर बाईंनी मला उर्दू वाचायला कधी बोलावलं नाही. त्याचा मला राग आला. बघा आता! चूक माझी, खोटं माझं, बोलणी खाल्ली बाईंनी, आणि रुसलो मी. कामापुरतं बोलायचो. संक्रांतीला त्या तिळगूळ घेऊन बांधणीच्या खोलीत यायच्या, तर मी हाताला खळ लागलीय म्हणून सांगायचो. त्या तिळगूळ पुठ्ठ्यावर ठेवून जायच्या. माझी बायको एकदा म्हणाली, “त्या बाईनं तुमचं काय घोडं मारलं?” मी म्हणालो, “तुला नाय कळायचं.” ती म्हणाली, “मला नाय कळत, तर तुम्ही सांगा की.” तिलाही नाही सांगितलं. ती जाऊन बारा वर्षं झाली. पुढं बाईंचे दौरे सुरू झाले, विभाग वाढला, चाराची अकरा कपाटं झाली, लांबलांबून पोरं अभ्यासाला येऊ लागली. बाईंच्या निरोपसमारंभात सगळ्यांनी त्या कपाटांचं कौतुक केलं. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो आणि पहिल्या कपाटातल्या लाल पाठी मोजत होतो.

बाई गेल्याच्या चौथ्या दिवशी मी रापी, ओलं फडकं आणि हाडाची पट्टी पिशवीत घालून ग्रंथालयात गेलो. आताच्या ग्रंथपाल मॅडम तरुण आहेत. त्यांना सगळं सांगितलं, उभ्यानंच, एका दमात. जे बाईंना सांगायला पन्नास वर्षं पुरली नाहीत ते परक्या पोरीला सांगायला पाच मिनिटं लागली. त्यांनी एक लाल पुस्तक हातात घेतलं आणि म्हणाल्या, “काका, इतकी सुंदर बांधणी... खरंच फोडायची?” मी म्हणालो, “माझीच हाय. आणा.” रापी लावली. कापड सुटलं, पाठीवर ओलं फडकं ठेवून बसलो. अर्ध्या तासानं पहिली पट्टी उचलली गेली. तिच्यावरची शाई खळीत विरघळून गेली होती, नुसता डाग. दुसरीचीही तीच गत. तिसरीवर अक्षरं होती.

छावणीत एक निवृत्त उर्दू मास्तर आहेत, त्यांना शिकस्त येते. पोलीस ॲक्शननंतरच्या हंगामातली पट्टी होती ती, माणसं मारली गेली, जीव घेऊन पळाली, तेव्हाची. त्यांनी भिंग धरून वाचलं आणि मराठीत सांगितलं, ‘वर बारा आणे लिहिलं आहे. पीक खरंच उभं आहे. कापायला गावात माणूस नाही.’ मास्तरांनी भिंग पुसलं. मग म्हणाले, “और है?” मी म्हणालो, “हाय. निघंल तेवढं काढतो.”

परवा मॅडमनी बाईंची ती वही कपाटातून काढली. दोरा तसाच आहे, पेन्सिल बोटभर उरलेली. बहुतेक ओळींवर लाल रेघ. जे मिळणं शक्यच नाही, त्याच्यापुढं बाईंनी निवृत्तीच्या आधी एकेक फुली मारून ठेवली होती. मॅडमनी पान उलटून एका ओळीवर बोट ठेवलं. हैदराबादच्या त्या म्हाताऱ्यांचं नाव, आणि पुढं बाईंच्या अक्षरात, ‘गिरदावराच्या हाशियातल्या नोंदी.’ तिच्यावर रेघ नव्हती. पुढं फुलीही नव्हती.

बाईंना काय माहीत होतं, काय नव्हतं, ते आता कुणाला विचारू? मॅडमनी पेन्सिल माझ्यापुढं केली. “काका, तुम्हीच मारा रेघ.” मी पेन्सिल हातात धरली, आणि वहीत ठेवून दिली. सहा पाठी झाल्यात. पस्तीस राहिल्यात.