साडूंची सही

देवाने जग निर्माण करताना पहिला नग आमच्या थोरल्या साडूंना दाखवून मग पुढचा माल काढायला हवा होता, असं माझं प्रामाणिक मत आहे. निदान डास आणि चुलतसासरे तरी रिजेक्ट झाले असते. साडूंनी चाकणच्या कंपनीत क्वालिटीत उभी हयात काढली. त्यांच्या सहीशिवाय गेटबाहेर एक बोल्ट गेला नाही. रिटायर झाले, पण नजर काही रिटायर झाली नाही. आमच्या घरी पोळी वाढली की ते आधी उजेडात धरतात. डांगे चौकातल्या मंडईत भेंडीच्या ढिगातून पाच नग निवडून, मोडून, वास घेऊन ते विचार करत उभे राहिले, तेव्हा भाजीवाली म्हणाली, "काका, भाजी करायची का सोयरीक?" साडू शांतपणे म्हणाले, "सोयरिकीत एवढं बगितलं असतं तर हितं पिशवी घेऊन आलो असतो का?" त्यांच्या सौभाग्यवती शेजारीच होत्या. त्या दिवशी भेंडी झालीच नाही.

तर अशा माणसाच्या हाती एक नवं अ‍ॅप आलं. त्याला कारण आमच्या बायका. या दोघी बहिणी मूळच्या मराठवाड्याच्या. त्यांची आई गेल्या साली गेली आणि तिच्या हातचा येसर तिच्याबरोबरच गेला. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेली पूड, आमटीचा जीव. आईने कुठे लिहून ठेवलं नव्हतं. दोघींनी वर्षभर भाजलं, दळलं, चाखलं, रडल्या, आणि एका दुपारी साडूबाई, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, "आईचाच झाला गं!" आता तो लोकांना विकायचा होता. आईची चव चारचौघांत जाणार होती, म्हणून दोघी लग्नातल्यासारख्या धास्तावल्या होत्या.

जाहिरातीची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली. मी तळवड्याच्या आयटी पार्कात कँटीनची कुपनं सांभाळतो, पण सासुरवाडीत माझी ख्याती 'कॉम्प्युटरवाले जावई' अशी आहे आणि मी ती कधी खोडून काढलेली नाही. मी मोबाईलवर एक अ‍ॅप उतरवून घेतलं. सोशल मीडियावर येसरसाठी उघडलेली आपली तिन्ही पानं त्यात एकत्र दिसायची. मजकूर तोंडाने सांगितला की ते लिहून घ्यायचं, आणि एका बटणात तिन्हीकडे पाठवायचं. मी बायकोला घेऊन थेरगावला साडूंच्या घरी गेलो आणि ऐटीत ते दाखवलं.

साडूंनी चष्मा पुसला. प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबून पाहिलं. मग पहिला अभिप्राय दिला, "रंग बरा हाय. पण एका बटणात तिन्हीकडं जातंय, म्हंजे चूक बी तिन्हीकडं जाणार की राव!"

"साडूभाऊ, चूक कशी होईल? मशीन लिहितंय."

"मशीन लावलं की पयला पीस तपासायचा असतोय. आधी एकाच पानावर टाका, मी बगतो, मग बाकीच्या दोनवर. मी आंघोळ करून येतो. तवर हात लावू नका."

ते गेले. माझ्यासारख्या माणसाला 'हात लावू नका' म्हणजे आमंत्रणच. मी फोन तोंडाशी धरून खणखणीत आवाजात म्हणालो, "आईच्या हातचा अस्सल घरगुती येसर! एकदा घ्याल, रोज मागाल!" आणि न वाचता तिन्हीकडे सोडून दिलं.

अ‍ॅपने लिहिलं होतं : 'आईच्या हातचा अस्सल घरगुती यस सर! एकदा घ्याल, रोज मागाल!'

औद्योगिक पट्ट्यात हे दोन शब्द काय चीज आहेत ते सांगायला नको. चहा गार व्हायच्या आत चाकणपर्यंत पोचलं. एकाने खाली लिहिलं, 'अर्धा किलो द्या, पगारवाढ जवळ आलीय.' दुसरा म्हणाला, 'आमच्याकडं हे शिफ्टला फुकट मिळतं.' मी हसत होतो. मग बायकोचा चेहरा दिसला.

"आईची थट्टा मांडली," ती म्हणाली. "वर्षभर... कुणी केलं हे?"

साडूबाई माझ्याकडे बघत होत्या. कँटीनची कुपनं सांभाळणाऱ्याने हळूच फोन खाली पालथा ठेवला. इतक्यात दारात पंचा गुंडाळलेले, ओले साडू उभे. त्यांनी फोन घेतला, मजकूर वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मी," ते म्हणाले. "पीस मी पास केला. चष्मा नव्हता."

"तुम्ही?" साडूबाईंचा विश्वास बसेना. "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि आमच्याच कामात डोळे फुटले?"

"व्हय," साडू म्हणाले.

मग तसेच ओल्या अंगाने ते खाली बसले. चुकीची जाहिरात काढली, एका बोटाने 'येसर' टाईप केलं, आधी एकाच पानावर टाकून तीनदा वाचलं. संध्याकाळी एक चाकणचा फिटर जिन्यात आला. पुडी फोडून तिथेच वास घेतला आणि आणखी तीन घेऊन गेला. दोघी बहिणी दारात उभ्या राहून त्याला जिना उतरताना बघत राहिल्या. आता दर महिन्याला माल कमी पडतो.

असा साडू मला लाभला याचा मला जो अभिमान आहे, तो मी त्यांना कधी बोलून दाखवलेला नाही. कारण बोलायचं तर सगळंच बोलावं लागेल. अजूनही घरात चार माणसं जमली की साडूबाई हमखास सांगतात, "यांच्या हातून सुटलाच की एक पीस!" सगळे हसतात. साडूही हसतात, मान खाली घालून आमटी भुरकतात. शेजारी मी बसलेला असतो, आणि मला आमटी जरा जास्तच तिखट लागते.