समोरच्या मेडिकलचं मडकं

दिवाळी सरली तरी पाथर्डीत थंडीचा पत्ता नव्हता. पहाटे जरा गारवा यायचा आणि नवाच्या आत ऊन पाठीला चावायला लागायचं. वैजनाथनं आपल्या मेडिकलचं शटर वर ढकललं, दारापुढच्या फुफाट्यावर बादलीभर पाणी मारलं आणि काच पुसायला घेतली. हात काचेवर, डोळा रस्त्यापल्याड.

पल्याड राजेश्वरीचं मेडिकल. फार्मसी शिकून आलेली पोरगी, दुकान उघडून वरीसही झालं नव्हतं. दारात सहा खुर्च्या आणि खुर्च्यांवर शुगरची माणसं. ही त्यांना वहाणा काढायला लावायची, तळव्याखाली आरसा धरायची, "बघा, भेग दिसते का?" म्हणायची. सुई कुठं टोचायची, कधी टोचायची, घाम फुटून हात कापायला लागले तर आधी साखर कशी तोंडात टाकायची, सगळं हातवारे करून सांगायची.

"मेडिकल हाय का भजनाचा मंडप!" वैजनाथ बोलला. ऐकायला दुकानात कुणी नव्हतं.

सत्तावीस वर्षं त्यानं डॉक्टरांची कोंबडीच्या पायांसारखी अक्षरं लावली होती. स्वतःच्या लग्नादिवशी, अंगाला हळद असताना, शटर उघडून आसारामच्या बापाला दम्याच्या गोळ्या काढून दिल्या होत्या. तोच आसाराम आता मान खाली घालून समोरच्या खुर्चीत बसायचा. तळवा आरशात बघायचा. वैजनाथला वाटायचं, तो आरसाच एकदा फुटावा.

राहिली होती एक झुंबरबाई. वैजनाथशिवाय तिनं कुणाच्या हातची गोळी घेतली नव्हती. ऊसतोडीला पाच महिने जायची, परत आली की शुगर आभाळाला. मागल्या साली पायाचं बोट काढावं लागलं. तेव्हाही वैजनाथनं तिलाच झापलं होतं, "अक्का, तोंडावर ताबा न्हाई तुझा."

आज तिची टोळी ऊसतोडीला निघणार, म्हणून कालच ती इन्सुलिनच्या बाटल्या न्यायला आली होती.

"भाऊ, समोरची पोरगी वाटंत भेटली. म्हनती, बाटली मडक्यात ठेवा, मडक्याला वलं फडकं गुंडाळा. खरं का?"

वैजनाथच्या अंगाची आग झाली. एवढी एक राहिली होती, तिच्यावरही डोळा!

"मडक्यात लोनचं ठेवत्यात अक्का. इन्सुलिनची जागा फ्रिजात."

"फडावरच्या पाचटाच्या कोपीत कुठला आलाय फ्रिज? जाऊ दे. ठेवते आपली दरसालासारखी पत्र्याच्या पेटीत."

ती गेली. आपलं गिऱ्हाईक आपल्याकडंच राहिलं, या आनंदात वैजनाथला 'पत्र्याची पेटी' हे शब्द ऐकूच आले नव्हते.

आता काच पुसून त्यानं दारातल्या पत्र्याच्या पाटीवर फडकं मारलं आणि हाताला चटका बसला. हात तसाच राहिला. पत्रा. सकाळी साडेनवाला हा असा, मग दुपारी उसाच्या फडाकडंला, कोपीतल्या पेटीत काय होत असेल? उन्हात इन्सुलिन मरतं. ती सुई टोचत राहिली आणि आपण तिला झापत राहिलो.

शटर अर्धं ओढून तो स्टँडामागच्या मैदानाकडं पळाला. टोळीचा ट्रॅक्टर भरत होता. बाजा, शेळ्या, भांडी, पोरं. आणि तिथंही राजेश्वरी आधीच पोचलेली, काखेत मडकं घेऊन.

"नगं बाई," झुंबरबाई तिला ठणकावत होती. "आमचे वैजनाथभाऊ म्हनले, मडक्यात लोनचं ठेवत्यात. सत्तावीस वरसाचा इस्वास हाय माझा. तू कालची पोर."

ट्रॉलीतल्या बाया हसल्या. राजेश्वरीचं तोंड उतरलं.

इतके महिने हेच ऐकायला वैजनाथचे कान आसुसले होते. गूळ विरघळावा तसं ते आत उतरलं. त्याला अजून कुणी बघितलं नव्हतं. मागं फिरता आलं असतं. पण झुंबरबाईनं ट्रॉलीवर पाय ठेवला. बोट नसलेल्या पायात चप्पल राहत नाही, म्हणून तिनं ती सुतळीनं बांधली होती.

"अक्का, मडकं घे."

"आं? काल तर तुमी—"

"काल चुकीचं बोललो. पोरगी म्हनती तेच खरं. पेटीत औषध खराब व्हतंय तुझं. शुगर त्यानं वाढती, खान्यानं न्हाई."

झुंबरबाईनं ट्रॉलीवरचा पाय खाली घेतला. "मंग भाऊ, सत्तावीस वरसात आनखी काय काय चुकलं?"

बाया पुन्हा हसल्या. यावेळी त्याला.

झुंबरबाईनं राजेश्वरीपुढं मातीतच बैठक मारली. "सांग बाई, नीट सांग."

"काका, एवढं फडकं भिजवून आणता का?" राजेश्वरीनं त्याच्याकडं न बघताच विचारलं.

वैजनाथ हापशावर गेला. मागून तिचा आवाज येत होता. "बाटली डबीत, डबी मडक्यात, मडकं सावलीला. फडकं वाळू द्यायचं नाही. आणि मावशी, सुई घेतली की भाकरी खाल्ल्याशिवाय कोयता उचलायचा नाही." हे तर आपल्याला ठाऊक होतं. मग आपण कधी का बोललो नाही?

"आरं, दवाखाना उठवा! ट्रॅक्टर सुटलाय!" टोळीचा मुकादम सहादेव ओरडला.

मडकं मांडीत धरून झुंबरबाई ट्रॉलीत चढली. तिनं हात हलवला. आधी राजेश्वरीला, मग त्याला. वैजनाथनं ते बरोबर टिपलं.

तो दुकानी परतला. दारापुढचं पाणी केव्हाच वाळून फुफाटा पुन्हा उडत होता. समोर खुर्च्या भरायला लागल्या होत्या. त्यानं बादली उचलली आणि नळाखाली लावली. आता रस्त्यापल्याडच्या खुर्च्यांपर्यंत पाणी मारायचं होतं.