जोखीम कुणाची?

"कुठून? कुठं? जोखीम कुणाची?"

अण्णांना कुणीही भेटलं की हे तीन प्रश्न आधी आणि नमस्कार मागाहून. मुलुंडच्या मालधक्क्यावर, म्हणजे मालगाड्या भरायच्या-उतरवायच्या त्या लांब फलाटावर, ते मालबाबू होते आणि मी त्यांच्या हाताखाली नवा लागलो होतो. व्यापारी माल घेऊन आला की हे विचारणं त्यांचं कामच होतं. रेल्वेच्या जोखमीवर पाठवलं तर भाडं जास्त, पण फुटलं-तुटलं तर भरपाई रेल्वेची. मालकाच्या जोखमीवर पाठवलं तर भाडं कमी आणि पुढं देव तारी त्याला कोण मारी. पण अण्णा हे प्रश्न सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यांनाही विचारत, आणि पाहुणे बिचारे प्रसाद हातात धरून विचारात पडत.

सुतार कानावर पेन्सिल ठेवतो तसा अण्णा खडू ठेवायचे. त्यामुळे त्यांचा उजवा कान बारा महिने पांढरा. घरातल्या तांदळाच्या डब्यावर त्यांनी बाण काढून 'ही बाजू वर' असं लिहिलं होतं. शेजारच्या बारशाला गेले तर पाळण्यावर 'काच सामान, आदळू नये' लिहून आले. बाळाच्या आजीनं तोंडदेखला राग केला, पण पुसलं मात्र नाही.

तुम्हीआम्ही शाळेत नकाशावरून देश शिकलो. अण्णांचा देश मालावरून होता. जळगाव म्हणजे केळी, कटनी म्हणजे चुना, खुर्जा म्हणजे चिनी मातीच्या बरण्या, फिरोजाबाद म्हणजे बांगड्या. ताजमहाल कुठं आहे असं कुणी विचारलं तर म्हणत, "बांगड्यांच्या थोडा अलीकडे." गंमत म्हणजे हा माणूस स्वतः कधी कल्याणच्या पुढं गेला नव्हता. कोकणातून बोटीनं आला, वाटभर बोट लागून ओकत आला, तेव्हापासून प्रवास बंद. रेल्वेचे फुकट पास दर वर्षी वाया जात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, पाठवणाऱ्यानं मालाबरोबर जायचं नसतं.

तिकडे ट्रॉम्बेला अणूचं काहीतरी बांधताहेत अशी तेव्हा सगळीकडे कुजबुज होती. एक दिवस ट्रॉम्बेचा पत्ता लिहिलेली मोठमोठी खोकी धक्क्यावर उतरली आणि आमचे हमाल चार हात लांब जाऊन उभे राहिले. कुणी म्हणे हात लावला की केस गळतात. अण्णांचे होते नव्हते ते आधीच गळलेले. ते पुढं झाले, फळीच्या फटीला डोळा लावला आणि शांतपणे म्हणाले, "संडासाची भांडी आहेत. शास्त्रज्ञ झाले म्हणून काय झालं." हमाल हसत हसत कामाला लागले.

असं सगळं मजेत चाललं होतं. घोडं अडलं ते सुमनपाशी. सुमन ही अण्णांची एकुलती एक मुलगी. हुशार, हसरी, मॅट्रिक झालेली. स्थळं भरपूर येत आणि अण्णा ती भराभर परत पाठवत. मुलगा काय शिकलाय, पगार किती, हे त्यांना कळूनच घ्यायचं नसे. गाव कुठलं ते सांगा. मुलगा कटनीचा निघाला, तर मुलगी जन्मभर चुन्यात खोकत बसेल. दुसऱ्या एका गावी विक्रोळीच्या कारखान्यातलं लोखंडी कपाट पाठवलं की दर वेळी दार वाकडं झाल्याची तक्रार येई. "जे लोक कपाट धड उतरवून घेत नाहीत, ते माझी पोर काय उतरवून घेणार?" झालं. स्थळ बाद.

वहिनी, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती, एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "अहो, तुम्हांला मुलगी द्यायची आहे की बुक करायची आहे?" अण्णांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. पण त्या दिवशी त्यांचा चहा तसाच निवला. सुमनच्या बरोबरीच्या मुली एकेक करून सासरी गेल्या होत्या आणि ती हल्ली बाहेर फारशी येत नसे, हे त्यांना दिसत नव्हतं थोडंच.

मग वऱ्हाडातल्या एका लहान गावातलं स्थळ आलं. मुलगा तिथल्याच शाळेत मास्तर, सरळ, बोलायला मवाळ. बघण्याचा कार्यक्रम झाला आणि सुमन दोन दिवस गुणगुणत होती. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण अण्णांची अडचण वेगळीच. त्या गावी मुलुंडहून आजवर काहीच गेलं नव्हतं. चांगलं नाही, वाईट नाही, काही अनुभवच नाही. मग त्यांनी ठरवलं की आधी दुसरं काहीतरी पाठवून बघायचं. घरातल्या सर्वांत मोठ्या बरणीत लिंबाचं लोणचं भरून ते मुलाकडे मालगाडीनं रवाना करायचं. बरणी धड पोचली तर होकार. फुटली तर नकार.

वहिनींनी कपाळावर हात मारला. सुमननं स्वतःच खोक्यात पेंढा भरला, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून आपलं जुनं निळं लुगडं बरणीभोवती गुंडाळलं. अण्णांनी चारी बाजूंनी बाण काढले, जोखीम रेल्वेची लिहिली, आणि वाघिणीत, म्हणजे मालाच्या डब्यात, खोकं स्वतःच्या हातानं ठेवलं.

आणि ते खोकं हरवलं.

कुठल्याशा वाटेवरच्या स्टेशनात त्या वाघिणीची चाकं तापली, ती गाडीतून काढली, माल दुसरीत गेला आणि दुसरी भलतीकडेच गेली. अण्णांनी तारांवर तारा केल्या. जेवण सुटलं. कानावरचा खडू पडला तरी उचलायचं भान नव्हतं. हमाल येता-जाता हळूच विचारत, लोणचं पोचलं का? सगळा धक्का त्या बरणीत जीव अडकवून बसला होता.

एका दुपारी मास्तर स्वतःच धक्क्यावर हजर. अंगावर प्रवासाची धूळ, आणि काखेत निळ्या लुगड्यात बांधलेलं काहीतरी. अण्णा खुर्चीतून उठले. पहिल्यांदाच त्यांनी ते तीन प्रश्न विचारले नाहीत.

"फुटली?" एवढंच म्हणाले.

"तोंडाचा टवका गेलाय," मास्तर म्हणाले. "मी रोज शाळा सुटली की स्टेशनवर विचारायला जात होतो. आली ती उलटी आली. खार सगळा गळून गेला होता. फोडी राहिल्या, त्या आम्ही खाल्ल्या."

"तक्रार का नाही केली? जोखीम रेल्वेची होती. भरपाई मिळाली असती."

मास्तर गोंधळले. "बरणी तुमच्या घरातली. भरपाई घेऊन काय करू? वाटलं, आपणच नेऊन द्यावी. येताना मांडीवर घेऊन बसलो होतो."

या माणसाला बिचाऱ्याला कशाचा पत्ताच नव्हता. अण्णांनी बरणी हातात घेतली, उन्हात धरली, बोटानं वाजवली, सगळीकडून फिरवून पाहिली. आम्ही सगळे हातातलं काम टाकून भोवती उभे. टवका होता, पण त्याच्या पुढं तडा कुठंच गेला नव्हता. अण्णांनी कान चाचपला, खडू सापडला नाही, माझ्याकडून घेतला आणि बरणीवर माल मिळाल्याची खूण केली. मग मास्तरांना म्हणाले, "घरी चला. जेवायची वेळ झालीय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. एका हमालानं तर तिथंच शिट्टी मारली.

लग्न झालं. सुमनच्या ट्रंकेवर सगळीकडे बाण होते आणि वऱ्हाडी ते बघून हसत होते. गाडी सुटताना अण्णांनी जावयाकडे बघून तोंड उघडलं. काय विचारणार ते मला ठाऊक होतं. पण प्रश्न बाहेर पडलाच नाही. ते नुसते रुमालानं कान पुसत राहिले.

पुढं ते निवृत्त झाले आणि सुमननं दोघांना कायमचं बोलावून घेतलं. कल्याणला मी त्यांना गाडीत बसवायला गेलो. वहिनी आधी चढल्या. अण्णा डब्याची पायरी धरून उभे, बोट लागल्यासारखे पांढरेफटक. मी म्हटलं, आता आपली पाळी.

"अण्णा, कुठून?"

"मुलुंड."

"कुठं?"

"सुमनकडे."

"जोखीम कुणाची?"

त्यांचं तोंड असं काही फुललं की मला अजून दिसतं.

"जावयाची," म्हणाले, आणि चढले.

चढताना त्यांची पाठ माझ्याकडे झाली. काळ्या कोटावर हमालांनी निरोप देताना कधीतरी खडूनं मोठा बाण काढला होता आणि खाली लिहिलं होतं, 'ही बाजू वर'. झटकायला मी हात उचलला, आणि तसाच खाली घेतला. लांबचा प्रवास होता. वाटेत कुणी वाचलं असतं तर बरंच होतं.