कुंडलिकतात्यांचा शिकंजा

कुंडलिकतात्यांची आणि माझी पहिली भेट झाली ती चौतीस साली. तेव्हा लासुर्ण्याचं अर्धं शिवार त्यांच्या अंगावर होतं आणि उरलेलं अर्धं लगेच माझ्या अंगावर आलं. मी वांग्याची रोपं मागायला गेलो होतो. दारात चिखलाचा पुतळा उभा होता, त्याच्या मिशीतून पाणी ठिबकत होतं. पुतळा "या, बसा" म्हणाला आणि मी बसायच्या आत त्याच्या यंत्रानं मला नखशिखांत सारवून काढलं.

यंत्र म्हणजे दगड कापायची चकती. गुळाच्या फुटक्या काहिलीच्या पत्र्यातून तात्यांनी ती काढली होती. त्यांच्या पत्नी सिंधुबाई दांडा फिरवायच्या आणि चकती पाणी व कुरुंदाच्या दगडाच्या भुकटीच्या राड्यातून फिरत दगड कापायची. तात्या माळी. एकदा माळावरची गारगोटी फोडली, तर आत हिरव्या नक्षीचा अख्खा बगीचा निघाला. तेव्हापासून खऱ्या वांग्यांवरून त्यांचं मन उडालं.

अडचण होती ती दगड धरणाऱ्या शिकंज्याची. बाभळीच्या दोन फळ्या आणि त्या आवळायला उसाच्या मोडक्या चरकाचं मळसूत्र. चपटा दगड त्यात राही. गोल दगड साबणासारखा निसटून गोठ्यात जाई. चकती सुरू झाली की म्हैस आपण होऊन लांब सरकायची.

अशात कळसचा बिरू धनगर मेंढरं घेऊन कोकणात निघाला. जाताना त्यानं घोंगडीतून नारळाएवढा दगड काढून तात्यांच्या हाती दिला.

"तात्या, ह्यो लई गोल हाय. माझ्याच्यानं कुठं बसंना. तुमी बसवा."

तात्यांना चेवच चढला. दगडावरची पिवळी माती धुऊन ते शिकंज्याच्या मागे लागले. फळ्यांना चामडं लावलं, दगड निसटला. गोणपाट लावलं, निसटला. शेवटी दगडाच्या गोलाईबरहुकूम फळ्या आतून कोरल्या, घोंगडीचा तुकडा घातला आणि मळसूत्र आवळलं. दगड असा बसला की तात्यांनी सिंधुबाईंच्या हातावर गूळ ठेवला. मग तो कापला. आत बगीचा नव्हता. सगळा करडा धोंडा.

बिरू परतला तो नारळ आणि हळदीचा भंडारा घेऊनच.

"तात्या, देव बसवला का?"

ती माती कसली होती, हे तात्यांना तेव्हा उमगलं. 'आलोच' म्हणून ते आत गेले, दोन्ही फाका जुळवून शिकंज्यात घातल्या, मळसूत्र करकचून आवळलं आणि शिकंज्यासकट देव बाहेर आणला. बिरूचे डोळे भरून आले. असा घट्ट बसलेला देव त्यानं कुठं पाहिला नव्हता.

कळसच्या बांधावर देवाची स्थापना झाली. यंत्र शिकंज्यावाचून पडून राहिलं. दर जत्रेला मटणाचं पहिलं ताट तात्यांना. खरं सांगायचंच, असं ठरवून ते जात, मान खाली घालून जेवत आणि निघताना देवाला हात जोडायच्या निमित्तानं मळसूत्र जरा आवळून येत.

पुढे त्या बांधावरून पाटाची चारी निघाली. चारीच्या कामावरच्या सोनबा मुकादमानं देव हलवायला म्हणून मळसूत्र सैल केलं आणि देवाचे दोन तुकडे त्याच्या पायाशी पडले. तात्या शेजारीच उभे होते. सोनबा बिरूच्या पाया पडला. बिरूनं त्याला उठवलं.

"तुझा काय दोस न्हाय. देवाच्या मनात आसंल."

तात्यांनी वाकून दोन्ही फाका पुन्हा जुळवल्या आणि मळसूत्र आवळलं.

त्या दिवसापासून सोनबानं मटण सोडलं. तात्यांनी सोडलं नाही.