सुपाचं ड्रॉइंग

लेथ दिवसभर चाललं की खाली कीस साठतो. कुणी मुद्दाम साठवत नाही, पण संध्याकाळी झाडायला घेतलं की पाटी भरते. आमच्या फाउंड्रीतल्या किश्श्यांचं तसंच आहे. आम्ही चार जुनी माणसं चहाला बसलो की पाटी भरते, आणि त्यातले निम्मे किस्से कारेलसाहेबाचे निघतात. कोल्हापुरात फाउंड्र्या चिक्कार, पण ड्रॉइंगवरून कोबीचं सूप बनवलेली फाउंड्री आमची एकच!

*

सत्तर सालानंतरची गोष्ट. मालकांनी चेकोस्लोव्हाकियातून ओतीव भागांना आतून भोकं कोरणारं मोठं बोरिंग मशीन मागवलं. ते जोडून द्यायला कारेलसाहेब आला. सहा फूट उंच, अंगानं भरलेला. मालकांनी पहिल्याच दुपारी कौतुकानं तांबडा रस्सा पाजला. साहेबानं वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली, उठला आणि सरळ नळाखाली जाऊन डोकं धरलं.

मालक आमच्याकडं बघून म्हणाले, "आवडला न्हाई वाटतं."

*

त्यानंतर साहेब केळी, पाव आणि दह्यावर राहिला. दर सोमवारी कमरेचा पट्टा काढून माझ्याकडं ड्रिलवर यायचा आणि म्हणायचा, "शिवा, वन मोअर होल." मी भोक पाडून द्यायचो.

तिसरं भोक पाडलं तेव्हा इस्माईलचाचा जवळच उभे होते. चाचा आमचे पॅटर्नमेकर, ओतकामासाठी लाकडाचे नमुने बनवायचे. ते म्हणाले, "मशीन उभं ऱ्हायच्या आधी ह्यो साहेब आडवा हुतोय बघ."

सगळे हसले. चौथ्या सोमवारी साहेबानं मालकांना सांगितलं, तब्येत झेपत नाही, दहा दिवसांनी मी निघतो, कंपनी दुसरा माणूस पाठवेल. कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी काही हसलो नाही. मी टेम्पररी होतो. साहेबानं मला हाताखाली घेतलं होतं, आणि मालकांनी शब्द दिला होता की मशीन चालू झालं की ऑपरेटर शिवा, आणि शिवा परमनंट. साहेब गेला की मी परत कानस घासायला, तेसुद्धा ठेवलं तर. घरी कसबा बावड्यात आई आणि एक म्हैस.

*

त्याच दिवशी मी साहेबाला गाठलं. "साहेब, यू इन हाउस, व्हॉट ईट?"

त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच. त्यानं दोन-तीन शब्द शोधले, मग नाद सोडला आणि ड्रॉइंगचा कागद ओढला. पट्टी लावून त्यानं पातेलं काढलं, मधून कापून दाखवलेलं. आत कोबी, जाडी तीन मिलिमीटर. बटाटा. आणि मटणाचा खिमा भरलेली आतडी, व्यास सव्वीस, लांबी एकशे चाळीस. कोबी आधी मीठ लावून, दगडाखाली दाबून सात दिवस आंबवायचा. आतडी दोन दिवस धुरावर टांगायची. सगळं बाणांनी दाखवलेलं.

खाली उजव्या कोपऱ्यात नेहमीच्या चौकटी होत्या. ड्रॉइंग कुणी काढलं, तिथं त्यानं सही केली. मंजुरीची चौकट मोकळी ठेवली आणि बोट ठेवून एवढंच म्हणाला, "हियर, मदर." त्याच्या घरी सूप चाखून पास करणारी त्याची आई, हे मी ओळखलं.

*

आईला मी ड्रॉइंग समजावून सांगितलं. कोबी बरणीत भरला, वर दगड ठेवला. तिसऱ्या दिवशी कामावरून घरी आलो तर बरणी पालथी.

"आये, कोबी कुठाय?"

"नासला हुता. घाण वास मारत हुता. म्हशीला घातला."

मी कपाळावर हात मारला. मग तिला सांगितलं, की माझी नोकरी म्हशीनं खाल्ली. आई उठली, बाजारात जाऊन दोन गड्डे घेऊन आली आणि विळी पुढ्यात ओढली. दहातले तीन दिवस गेले होते. सात उरले होते आणि कोबीला सातच लागणार होते.

*

आतड्यांचं काम चाचांनी अंगावर घेतलं. त्यांच्या भावाचं मटणाचं दुकान होतं. भावानं आतडी स्वच्छ धुतली, खिम्यात लसूण आणि काळी मिरी घातली आणि भरायला बसला. चाचा शेजारी व्हर्नियर घेऊन. प्रत्येक नग मोजायचे.

भाऊ वैतागला. "आजवर लोकांनी वजन बघितलं. जाडी बघणारं गिऱ्हाईक ह्ये पयलंच."

मी बघितलं तर चाचा अठ्ठावीस भरून घेत होते. म्हटलं, "चाचा, ड्रॉइंगला सव्वीस हाय."

"लोखंड थंड हुताना आकसतं म्हणून आपण नमुना मोठा करतो का न्हाई? मग मटण शिजताना आकसणार न्हाई व्हय?"

*

दहाव्या दिवशी संध्याकाळी साहेब घरी आला. दुसऱ्या दिवशीचं तिकीट खिशात. दारात चाचा, चुलीपुढं आई. आईनं त्याला पाट दिला, ताट वाढलं. साहेबानं वास घेतला. मग खिशातून व्हर्नियर काढून आतड्याला लावला. सव्वीस. त्यानं चाचांकडं बघितलं, चाचांनी वर आढ्याकडं बघितलं.

मग तो जेवला. एक ताट, दुसरं ताट. तिसऱ्याला त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आई घाबरली. "शिवा, रडतंय की रं ते. मिरची तर घातली न्हाई म्या."

साहेबानं डोळे पुसले, पट्टा एक भोक सैल केला. मग ड्रॉइंगचा कागद आणि पेन्सिल आईपुढं धरून मंजुरीच्या चौकटीवर बोट ठेवलं. आईला लिहिता येत नव्हतं. तिनं पातेल्याच्या बुडाची काजळी अंगठ्याला लावली आणि चौकटीत दाबली.

तिकीट त्यानं दुसऱ्या दिवशी मालकांच्या टेबलावर ठेवलं, रद्द करायला. आणखी तीन महिने राहिला. दर रविवारी आमच्याकडं जेवायचा. मशीन चालू झालं, मी परमनंट झालो. आज माझं जे काही आहे ते त्या पातेल्यामुळं आहे, चाचांमुळं आहे, आणि माझ्यावर न चिडता पुन्हा कोबी चिरायला बसलेल्या आईमुळं आहे.

*

साहेब जाताना ड्रॉइंग घेऊन गेला. वर्षभरानं फाउंड्रीत माझ्या नावानं जाड पाकीट आलं. आत चिठ्ठी नाही, काही नाही, नुसतं ते ड्रॉइंग. मंजुरीच्या चौकटीत आईच्या अंगठ्याशेजारी काजळीचा आणखी एक अंगठा.

मी घरी नेऊन आईला दाखवलं. ती भाकरी थापत होती. हात पुसून तिनं कागद उजेडाला धरला आणि दुसऱ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून बघितला.

"माझ्यापेक्षा रुंद हाय," ती म्हणाली. "लई कोबी चिरलाय बाईनं."