रतनरावांच्या नंबरवर येणारा ओटीपी

शर्मिलाबाई रामटेके यांना कोणी विचारलं की तुम्ही काय काम करता, तर त्या म्हणत, "पोर्टल भरते." विचारणारा मान डोलवायचा आणि विषय बदलायचा. त्यात त्याची काही चूक नव्हती. पोर्टल भरणं म्हणजे काय हे सांगायला घेतलं की सांगणाऱ्यालाच जांभई येते. पण सांगायला तर हवं, कारण बावन्न वर्षांच्या या बाईची अलीकडची सहा वर्षं त्यातच गेली होती.

त्यांचे साहेब यज्ञेश्वर लोखंडे यांचा भोसरीत रबराचे बुश आणि वायसर करायचा छोटा कारखाना होता, आणि खडकी बाजारात दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. सगळा माल चाकणकडच्या एका मोठ्या गाडी-कंपनीला जायचा. माल निघण्याआधी त्या कंपनीच्या पोर्टलवर गेटस्लिप काढावी लागे. बिल नंबर, पार्ट नंबर, किती नग, टेम्पोचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, त्याचं लायसन्स, असे एकूण अठरा रकाने. एका पार्टची एक स्लिप, आणि एका टेम्पोत आठ-दहा पार्ट. ही सगळी माहिती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आधीच टाईप केलेली असायची, पण कंपनीच्या पोर्टलला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तिकडे पुन्हा पहिल्यापासून, हाताने. स्लिप नसली की टेम्पो गेटवर उन्हात उभा आणि ड्रायव्हरच्या शिव्या फोनवर. अशा दिवसाला पावणेदोनशे स्लिपा शर्मिलाबाई काढत. ज्या कोणा शहाण्याने हे पोर्टल बनवलं, त्याला एक दिवस या खुर्चीत बसवायला हवं होतं, पण अशी माणसं कधी सापडत नाहीत.

पोर्टलमध्ये शिरायला सकाळी एकदा ओटीपी लागे. लोखंड्यांच्या मालाचे कंपनीकडे दोन कोड, म्हणजे दोन वेगळी खाती होती, आणि एका मोबाइल नंबरवर एकच कोड, असा तिकडचा नियम. पहिल्या कोडला शर्मिलाबाईंचा नंबर लागला. दुसऱ्यासाठी साहेबांकडे मागितला तर ते म्हणाले, "माझा फोन म्हणजे काय पाणपोई आहे?" मग बाईंनी नवऱ्याचा दिला.

रतनराव तेव्हा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून नुकतेच रिटायर झाले होते. मूळचे भंडाऱ्याकडचे, पस्तीस वर्षं पुण्यात काढून बोलणं तिकडचंच राहिलं होतं. हातात काम नाही म्हणून घरात पंख्यांना तेल घालत फिरायचे. त्यांना हे ओटीपीचं काम मिळालं आणि गडी कामाला लागला. सव्वानऊला आंघोळ करून, चष्मा लावून, विश्रांतवाडीच्या त्या दोन खोल्यांत टेबलापाशी फोन समोर ठेवून बसायचे. साडेनऊला बाई ऑफिसातून फोन करायच्या आणि रतनराव सहा आकडे वाचून दाखवायचे, दोन-दोन करून, प्रत्येक जोडीनंतर थांबून. "घाई काहून करतं? नीट लिहून घे नं." वर प्रत्येक ओटीपी तारखेसकट वहीत उतरवून ठेवायचे. बाई म्हणायच्या, अहो, दहा मिनिटांनी त्या आकड्याला कोणी विचारत नाही. त्यावर ते म्हणत, दारूगोळ्यात नोंदीशिवाय खिळासुद्धा हलत नाही. लग्नाला तीस वर्षं झालेल्या जोडप्याचं दिवसभरात असं कितीसं बोलणं होतं? यांचं हे रोज व्हायचं.

दीड वर्षापूर्वी रतनराव गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

बाई आठवड्याच्या आत कामावर आल्या. लोक म्हणाले, धीराची बाई आहे. धीर वगैरे काही नव्हता. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं सगळं अंग झालं होतं. आता दुःख होईल, मग होईल, म्हणून त्यांनी बरेच दिवस वाट पाहिली. जलदान विधीला पाहुणे रडले, नागपूरहून आलेली लेक संस्कृती रडली, आणि बाई कोणाला चहा मिळाला, कोणाला नाही, ते बघत राहिल्या. आपल्यात काहीतरी कमी आहे असं त्यांना वाटलं. पण तेही फारसं वाटलं नाही. अठरा रकाने भरायचे, पुढची स्लिप घ्यायची. या कामाला मन लागत नाही, म्हणून ते त्यांना बरं पडलं.

फक्त एक गोष्ट त्यांनी केली. रतनरावांचा फोन बंद केला नाही. रोज चार्ज करून पर्समध्ये घालून त्या ऑफिसला न्यायच्या. साडेनऊला मेसेज वाजला की बाई तो उघडायच्या आणि त्या आकड्यांच्या बरोबर त्यांच्या कानात रतनराव बोलायचे. खरोखर. दोन-दोन करून. तेवढं अर्धं मिनिट रतनराव असायचे, मग पोर्टल उघडायचं आणि ते जायचे. लेक फोनवर म्हणायची, "आई, बाबांचं सिम बंद करून टाक आता, किती दिवस ठेवणार?" बाई म्हणायच्या, "ऑफिसचं काम आहे त्याच्यावर." आणि ते खोटंही नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात यज्ञेश्वर साहेबांनी स्लिपा आपोआप काढणारा प्रोग्राम, म्हणजे बॉट, बनवायचं काम हिंजवडीच्या एका लहानशा कंपनीला दिलं. तिकडून तेजस्विनी आली. तिशीची, गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर लॅपटॉपची पिशवी. ती बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसली.

"मॅडम, त्या कंपनीकडून थेट जोडणी मिळत नाही ना. आम्ही तीन मेल टाकले, ते म्हणतात सप्लायरसाठी तसलं काही नाहीये. म्हणजे मागचं दार बंद. मग आपला बॉट पुढच्या दारानेच जाणार, तुमच्यासारखा. पेज उघडेल, रकाने भरेल, सबमिट मारेल. तुम्ही करता ते फक्त मला एकदा नीट बघू द्या."

पाच दिवस ती बघत होती. बाई कुठे क्लिक करतात, पोर्टल अडकलं की किती थांबतात, चहाला उठण्याआधी माउस का हलवून ठेवतात, सगळं तिने टिपून घेतलं. वीस मिनिटं काही केलं नाही तर पोर्टल बाहेर काढतं, म्हणून माउस हलवायचा, हे बाईंनी तिला सांगितलं. इतक्या लक्षपूर्वक त्यांच्याकडे बऱ्याच दिवसांत कोणी पाहिलं नव्हतं. साहेब जाता-येता म्हणायचे, "रामटेके बाई, सगळं शिकवा हां तिला. तुम्हाला काढत नाहीये. तुम्ही आता बॉटच्या साहेब होणार." त्यांच्या बोलण्यातली खोच बाईंना कळायची, पण लागायची नाही. नोकरी राहणार होती, एवढं खरं होतं.

सहाव्या दिवशी तेजस्विनीने विचारलं, "हे दुसऱ्या कोडला रतन रामटेके नाव आहे, ते कोण?"

"आमचे मिस्टर."

"अच्छा! मग तो नंबर बदलू या आपण. ऑफिसचं एक सिम टाकू, त्यावरचा ओटीपी बॉट आपला आपणच वाचेल. सरांना रोजचा त्रास नको."

"आत्ता नको," बाई म्हणाल्या. "त्यांना विचारावं लागेल."

दुसऱ्या दिवशी तेजस्विनीने पुन्हा विषय काढला. "विचारलंत का?"

"नको म्हणतात."

हे आपण कसं बोललो, याचं बाईंना स्वतःलाच नवल वाटलं. मेलेल्या माणसाच्या तोंडी नकार घातला आणि जीभ अडखळलीसुद्धा नाही. तेजस्विनी सभ्य मुलगी, तिने कुणाच्या नवऱ्याच्या हट्टात नाक खुपसलं नाही. म्हणाली, "ठीक आहे. मग पहिला कोड मी ऑफिसच्या सिमवर घेते. दुसऱ्याचा ओटीपी बॉट तुमच्याकडे मागेल. स्क्रीनवर चौकोन येईल, त्यात तुम्ही टाका." बाईंना सुटल्यासारखं झालं.

सोमवारी बॉट सुरू झाला. एका टेम्पोच्या ज्या कामाला बाई अर्धा तास घ्यायच्या ते त्याने सहा मिनिटांत उरकलं. रकाने कोणी अदृश्य माणूस भरत असल्यासारखे भरत गेले. साहेबांनी पेढे मागवले. पण इथेच एक गंमत झाली, जी हिंजवडीत बसून कोणाच्या ध्यानात आली नव्हती. बाई सावकाश काम करायच्या, दिवसभर करायच्या, म्हणून पोर्टल दिवसभर उघडं राहायचं. बॉट सहा मिनिटांत मोकळा व्हायचा, पुढचा टेम्पो भरेपर्यंत स्वस्थ बसायचा, आणि पोर्टल त्याला बाहेर काढायचं. पुढच्या टेम्पोला पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. सकाळी एकदा वाजणारा रतनरावांचा फोन दिवसातून पंधरा-वीस वेळा वाजायला लागला.

पहिल्या दिवशी बाईंना चक्क बरं वाटलं. पर्समधला फोन त्यांनी टेबलावर काढून ठेवला. वाजला की रतनराव आले. अकराला आले, पावणेबाराला आले, जेवताना आले. एवढ्या वेळा तर ते जिवंतपणी कधी बोलले नव्हते.

"सर वैतागत असतील हो," तेजस्विनी म्हणाली. "दिवसभर त्यांच्या नंबरवर ओटीपी येत राहतात म्हणजे. आणि त्यांचा फोन तुम्हीच आणता का इकडे?"

"घरी वापर नाही त्याचा," बाई म्हणाल्या.

मंगळवार गेला, बुधवार गेला. फोन वाजायचा, चौकोन यायचा, बाई आकडे टाकायच्या. मधल्या वेळात त्यांना काम नव्हतं. हात मांडीवर ठेवून त्या स्क्रीनकडे बघत बसायच्या.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला चहा आला. बाईंनी कप उचलला आणि त्यांच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण अकरा-बारा ओटीपी टाकले आणि एकदाही रतनरावांचा आवाज ऐकला नाही. आठवणसुद्धा आली नाही. फोन वाजला, आकडे बघितले, टाकले. लिफ्टचं बटण दाबावं तसं.

त्यांनी कप खाली ठेवला. पुढचा ओटीपी पावणेचारला आला. बाईंनी मुद्दाम थांबून आकड्यांकडे पाहिलं, मनातल्या मनात वाचून पाहिले. सहा आकडे होते. नुसते आकडे. त्यांनी आवाज आठवायचा प्रयत्न केला तर स्वतःचाच आवाज आला. त्या घाबरल्या. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांना इतकी स्पष्ट भीती वाटली. हा फोन असाच वाजत राहिला तर महिन्याभरात आपण त्यांना पार पुसून टाकू, आणि तेही आपल्याच बोटांनी, हे त्यांना स्वच्छ दिसलं. चौकोन स्क्रीनवर वाट बघत होता. त्यांनी कसेबसे आकडे टाकले, कारण टेम्पो भरून उभा होता.

मग त्या उठून तेजस्विनीच्या टेबलाशी गेल्या.

"तो नंबर बदला."

"अरे वा. सर तयार झाले?"

"ते नाहीयेत," बाई म्हणाल्या. "दीड वर्ष झालं जाऊन."

तेजस्विनीने लॅपटॉपवरचे हात काढून घेतले. म्हणाली, "मॅडम, आधी सांगायचं ना. मी आपली रोज सर, सर करत..."

"असू दे. किती वेळ लागतो?"

चार मिनिटं लागली. नवा नंबर टाकला, त्याच्यावर एक ओटीपी आला. जुन्या नंबरवर खात्री करायला एक आला, तो बाईंनी स्वतः टाकला. मग रतनरावांच्या फोनवर एक मेसेज आला, की हा नंबर आमच्या नोंदीतून काढला आहे, धन्यवाद.

"आता याच्यावर काही येणार नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. काहीच नाही."

साडेचारला पुढचा टेम्पो भरला. बाई आपल्या खुर्चीत बसून होत्या. पोर्टल उघडलं, चौकोन आला नाही, कोणी काही मागितलं नाही. रकाने भरत गेले, स्लिपा निघाल्या. फोन टेबलावर गप्प पडून होता. बाई त्याच्याकडे पाच मिनिटं बघत राहिल्या. मग पर्स घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"मी घरी जाते. उद्याचीही रजा हवी."

"का हो?" साहेब कागदातून मान वर न काढता म्हणाले. "बॉट काम करतोय आणि दमलात तुम्ही?"

"घरातलं माणूस गेलं."

साहेबांनी मान वर केली. "अरेरे. कोण?"

"आमचे हे."

"अहो, पण रामटेके बाई, ते तर..." साहेब बोलता बोलता थांबले. रतनरावांना पोचवायला ते स्वतः आले होते. त्यांनी बाईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि हातातले कागद बाजूला ठेवले.

"हो," बाई म्हणाल्या, आणि केबिनच्या दारात उभ्या उभ्या त्यांना रडू फुटलं. मोठ्याने, बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. साहेब उठले, त्यांनी खुर्ची पुढे ओढली, "बसा, आधी बसा," म्हणाले. पण बाईंना बसायचं नव्हतं. त्यांना घरी जायचं होतं, आणि घरी कोणी नाही हे त्यांना आज कळलं होतं.