पाणी उजव्या हाताला

परिक्रमेत मी नर्मदामैया हरवून बसलो. एवढी मोठी नदी, आणि ती मी उजव्या हाताला धरून चालता चालता हरवली.

परिक्रमेचा नियम तसा साधा. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र ओलांडायचं नाही. धडगावच्या डोंगरांत शिरलो तेव्हा कोरीट गावचा माझा मेव्हणा सोबतीला होता. सकाळी एका वळणावर तो म्हणाला, वाट इथून पाणी सोडून टेकडीवरून जाते, सगळे तसेच जातात. मला ते पटलं नाही. मागल्या वर्षी बायकोचं दुखणं दवाखान्यात अगदी हाताबाहेर गेलं होतं, तेव्हा मी मैयाला बोललो होतो, ही उठली तर पायी येईन, अखंड येईन. ती उठली. आता माझ्याकडून कुठे खंड पडला तर मैया दिलेलं परत मागेल, ही भीती पोटात होती. पण भीती सांगायला लाज वाटते, म्हणून मी लोकांना नियम सांगायचो. मेव्हण्यालाही नियमच सांगितला. तो बरं म्हणाला आणि टेकडी चढून गेला. भाकरी आणि गूळ त्याच्या पिशवीत आहे हे मला तो दिसेनासा झाल्यावर आठवलं. मधुमेहाची गोळी मात्र मी सकाळी वेळेवर घेतली होती. असा मी शिस्तीचा माणूस.

राखीव वनाची पाटी मागे टाकून मी पाण्याच्या कडेकडेने निघालो. साग, सालई, मध्येच खडकांचा उतार. पाणी डावीकडे वळलं, मीही वळलो. ते अरुंद होत गेलं, तरी मी म्हटलं, मैयाची मर्जी. वाट संपली तेव्हा करवंदीच्या जाळ्यांतून अंग ओरबाडून घेत गेलो, पण उजवा हात पाण्याचाच ठेवला. आणि दुपारी ऊन डोक्यावर असताना माझ्यापुढे नर्मदा संपली. खरंच संपली. पुढे कोरडा नाला, गोटे आणि एक मेलेला खेकडा. नर्मदेवरच्या धरणाचं पाणी फुगून या नाल्यात शिरलेलं, आणि त्यालाच नमस्कार करत मी डोंगराच्या पोटात येऊन पोचलो होतो.

हातांना कापरं भरलं, गार घाम सुटला. साखर उतरली हे कळलं, पण खिशात सुपारीसुद्धा नव्हती. उठायला गेलो तर पाय माझे नव्हते. इथे कुणाला सापडलो तरी मला झोळीत घालून सडकेवर नेतील आणि तिथून गाडीत टाकतील. म्हणजे पायी चालणं तिथेच खुंटलं. मी दात खाऊन म्हणत राहिलो, मी मागे फिरणार नाही, मी गाडीत बसणार नाही. मी, मी. मग तेवढंही बोलवेना. शेवटी मनातल्या मनात म्हटलं, बाई, आता तूच काय ते बघ.

तेवढ्यात कुणीतरी माझं उपरणं ओढलं. बघतो तर एक बकरी माझ्या उपरण्याचं टोक शांतपणे चघळत होती. तिच्यामागे काठी घेऊन एक म्हातारी पावरी बोलीत ओरडत आली. बोलणं मला कळत नव्हतं, पण बकरीवरून नजर माझ्याकडे वळली तरी सूर तोच राहिला, त्यावरून थोडं मलाही असावं. माझा चेहरा पाहून ती थांबली. पदराची गाठ सोडून तिने मूठभर सुकी मोहाची फुलं पुढे केली. आणि मी, मरायला टेकलेला माणूस, मान फिरवली. व्रतात मोह कसा चालेल?

"दारू नाय," ती म्हणाली. "फूल."

आणि वासराला औषध भरवावं तशी तिने ती माझ्या तोंडात कोंबली. गोड होती, गुळासारखी. जिभेवर ती गोडी पसरली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि माझा नियम कुठे गेला ते मला समजलंच नाही.

बऱ्याच वेळाने उभा राहिलो. ती पुढे चालली, मी मागून. टेकडीच्या माथ्यावर तिने काठीने खाली दाखवलं. उजव्या हाताला, डोंगरांच्या मध्ये मैया पसरली होती, ऊन अंगावर घेऊन. मी पाया पडायला वाकलो, पण बकरी दुसऱ्याच्या तुरीत शिरली होती, म्हणून म्हातारी शिव्या देत तिकडे पळाली. नाव विचारायचं राहून गेलं.

मुक्कामाच्या आश्रमापर्यंत मी माझ्या पायांनी गेलो. त्या वाटेवर एक गोष्ट हळूहळू उतरत गेली. दिवसभर मी मैयाला धरून ठेवत होतो. माझी पकड सुटली, तेव्हा कळलं की तिने मला केव्हाचं धरलेलं होतं. बायकोलाही तिनेच उठवलं, ते माझ्याकडून तारण घेऊन नव्हे. त्या दिवसापासून भीती गेली. चालणं राहिलं, आणि राहिलेली परिक्रमा मी पूर्ण करणारच आहे.

संध्याकाळी आश्रमात हे सगळं सांगितलं. ऐकणारे गहिवरले. कुणी म्हणालं, मैया म्हातारीच्या रूपात आली. कुणी म्हणालं, नाही, बकरीच्या. मेव्हणा कोपऱ्यात बसून माझ्या वाटणीची भाकरी खात होता. तो घास गिळून म्हणाला,

"दाजी, माय ती डोकरीच व्हती. पन बकऱ्या तठे दोन व्हत्यात."